रॉड, रिकीब आणि पाटीलबावा



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. रिलीज होतं, मग रिलीजनंतरचे बग होते, मग दिवाळी होती... नेहमीचंच. असो.

सध्या माझ्या टेबलावर मॉनिटरच्या शेजारी एक पोलादी दांडी पडलेली असते. ३४ सेंटिमीटर लांब, १० मिलिमीटर जाड, वरच्या टोकाला किंचित वाकलेली, दोन्ही टोकांना आडवी भोकं. घरी आलेल्या एका मित्राने विचारलं, "कसला अँटेना आहे का रे हा?" म्हटलं, नाही बाबा, साडेचार महिन्यांपूर्वीपर्यंत हा माझ्या उजव्या नडगीत होता. त्याने ती दांडी लगेच खाली ठेवली आणि हात पँटला पुसले. :)

गावाचं नाव लोहारा आणि पायात लोखंड, हा विनोद आमच्याकडच्या प्रत्येक नातेवाईकाने किमान एकदा केलेला आहे. तेव्हा तुम्ही करू नका.

थोडक्यात हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी पुण्यात शनिवार-रविवारी घोडेस्वारी शिकायला लागलो. कारण विचाराल तर शाळेत असताना वाचलेला इतिहास, आणि अणदूरच्या खंडोबाला जाताना दरवर्षी ऐकलेल्या देवाच्या घोड्याच्या गोष्टी. लोहाऱ्यात माझ्या लहानपणी घोडा म्हणजे फक्त लग्नातला, नवरदेवाखालचा. त्यामुळे पहिल्यांदा स्वतः लगाम हातात घेतला तेव्हा आपण एकदम शिलेदारच झालो असं वाटलं होतं. दहा-बारा रविवार बरे गेले. दुडकी जमायला लागली, मांड बसायला लागली. मग एका डिसेंबरच्या सकाळी कुंपणाखालून एक कुत्रं भुंकत आलं, घोडी डावीकडे उडाली आणि मी उजवीकडे. पाय रिकिबीत क्षणभर अडकला, नडगीचं हाड मधोमध मोडलं. आवाज मला स्वतःला ऐकू आला. घोडीचा काही दोष नाही, कुत्र्याचाही नाही.

ऑपरेशन झालं, हाडाच्या पोकळीत रॉड बसवला, वर दोन आणि खाली दोन स्क्रू. तीन महिन्यांत बऱ्यापैकी चालू लागलो. हाड जुळलं, पण मांडी घालून बसलं किंवा गुडघे टेकले की गुडघ्याखाली, जिथून रॉड आत घातला होता तिथे, कळ यायची. हे बऱ्याच जणांना होतं असं डॉक्टर म्हणाले. रॉड काढलाच पाहिजे असं नाही, जन्मभर राहिला तरी चालतो. त्रास होत असेल तर काढू. दीड वर्षानंतर काढायचं ठरवलं.

काढण्याचं ऑपरेशन घालण्यापेक्षा सोपं, पण ऐकायला जास्त वाईट. कमरेत इंजेक्शन देतात, म्हणजे तुम्ही जागे असता. पडद्यापलीकडे तुमच्याच पायावर एक माणूस हातोडी मारत असतो. रॉडच्या वरच्या टोकाला आट्यांचा एक दांडा फिरवून बसवायचा आणि त्यावर उलटे घाव घालत रॉड वर ओढून काढायचा, अशी पद्धत. ठक्, ठक्, ठक्. आमच्या गल्लीतल्या लोहाराची भट्टी आठवली. दुखत काहीच नव्हतं, फक्त सगळं शरीर टेबलावर इंच-इंच सरकत होतं.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, उद्यापासून चाला. पण पळणं, उड्या, घोडा... तीन महिने नाही.

मला हे उलटं वाटलं. हाड जुळलंय म्हणून तर रॉड काढला ना? मग आता कशाची भीती? डॉक्टर म्हणाले, "इंजिनीअर आहात ना तुम्ही? भोकं आहेत चार त्यात." आणि माझी ट्यूब पेटली. सेकंड इयरला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये घोकलेली गोष्ट. पत्र्याला गोल भोक पाडून तो ताणला तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. किर्श नावाच्या जर्मन इंजिनीअरने १८९८ मध्ये हे गणित मांडलं. तेव्हा परीक्षेसाठी पाठ केलं आणि विसरलो, आणि आता ती भोकाची कड माझ्याच पायात! सुदैवाने हाड म्हणजे पत्रा नाही, ते भोक हळूहळू भरून काढतं. पण त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तेवढ्यात पायाला जोराचा पीळ बसला तर तिथूनच पुन्हा मोडू शकतं. शिवाय जुलियस वोल्फने १८९२ मध्ये सांगून ठेवलंय की हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं. दीड वर्ष भार वाहायला भागीदार होता, आता एकट्याने वाहायची सवय त्याला पुन्हा करावी लागणार.

तर हे तीन महिने घरी बसून मी काय केलं? वाचलं. आणि वाचता वाचता महादजी शिंदे भेटले.

म्हणजे महादजी सगळ्यांनाच माहीत असतात. पाटीलबावा. पानिपतानंतर दिल्ली पुन्हा मराठ्यांच्या हातात आणणारे. पण ते लंगडे होते, हे मी शाळेत एका ओळीत वाचून पुढे गेलो होतो. पाय मोडल्यावर ती ओळ वेगळी दिसायला लागली.

ही गोष्ट आमच्या भागातून सुरू होते, हे मला आधी लक्षातच आलं नव्हतं. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ती उदगीरची लढाई. नाव उदगीरचं असलं तरी शेवटचा निकराचा झगडा उदगीर आणि औशाच्या मधल्या पट्ट्यात झाला. औसा म्हणजे लोहाऱ्याच्या शेजारचंच. म्हणजे आमच्या आजूबाजूच्या काळ्या रानातूनच ती घोडदळं गेली असणार. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा तिथे मराठ्यांच्या बाजूने चालल्या. निजामाने साठ लाखांचा मुलूख सोडला. या विजयाच्या जोरावर भाऊंकडे उत्तरेची मोहीम आली, कारण जानेवारीत यमुनाकाठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. परतूरहून, तेव्हाच्या पडदूरहून, मार्चमध्ये फौज निघाली आणि पुढच्या संक्रांतीला पानिपतावर संपली.

दत्ताजी हे महादजींचे सावत्र भाऊ. पानिपतात तुकोजी गेले, तरुण जनकोजी पकडले जाऊन मारले गेले. राणोजी शिंद्यांच्या कर्त्या मुलानातवांपैकी उरले ते महादजी, वय तिशीच्या आसपास. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे म्हणा ना.

१४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी पळापळ झाली तेव्हा महादजी एका चांगल्या दख्खनी घोडीवर होते. त्यांच्या मागे एक अफगाण स्वार लागला. जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात (१८२३) ही हकीकत दिली आहे. अफगाणाचा घोडा थोराड आणि बेढब, महादजींची घोडी चपळ. घोडी पुढे निघून जायची, महादजी तिला दम खाऊ द्यायला थांबायचे, आणि मागून तो थोराड घोडा पुन्हा दिसायचा. धावण्यात कमी, पण दमत नव्हता. असं बरंच अंतर चाललं आणि शेवटी घोडी एका चरात कोसळली. अफगाणाने गाठलं, कुऱ्हाडीचा घाव गुडघ्यावर घातला, अंगावरचे दागिने काढून घेतले, घोडी घेतली आणि महादजींना तिथेच टाकून निघून गेला.

दख्खनी घोड्याबद्दल इथे दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. भीमेच्या खोऱ्यातली ती भीमथडी तट्टं. बुटकी, काटक, मिळेल त्या कडब्यावर राहणारी, डोंगरात पाय न चुकणारी. मराठ्यांचं सगळं तंत्र या जनावरावर बेतलेलं: अचानक यायचं, मारायचं, निघून जायचं. पण उत्तरेच्या सपाट मैदानात, महिनोन् महिने दाणावैरण तुटलेली असताना, पोटभर खाल्लेल्या मोठ्या घोड्यापुढे तेच जनावर किती पुरणार? पानिपतावर जनावरं आधीच उपासमारीने मेली होती किंवा मरायला टेकली होती. महादजींची घोडी चरात पडली ती ठेचकाळून की भुकेने, देव जाणे, पण माझा संशय भुकेवर आहे. (भीमथडीला २०२३ साली स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली. उशीर झाला, पण झाली.)

तर पाटीलबावा रस्त्याच्या कडेला पडलेले. तिथे राणेखान नावाचा एक भिस्ती आला. भिस्ती म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा. त्याच्याकडे घोडा कुठला असणार, बैल होता. त्याने जखमी महादजींना बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे निघाला. गुडघ्यात कुऱ्हाडीची जखम, जानेवारीतली उत्तरेची थंडी, खाली बैलाची पाठ. मला अपघातानंतर हॉस्पिटलपर्यंत चाळीस मिनिटं गाडीत बसावं लागलं होतं, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

तेव्हाचे उपचार म्हणजे काय? जखम धुणं, डाग देणं, तेलातुपाच्या पट्ट्या, बांबूच्या कामट्या बांधून पाय स्थिर ठेवणं. हाडवैद्य होते आणि त्यातले काही फार चांगले होते, साधं बंद मोडलेलं हाड ते नीट बसवायचे. पण उघडी जखम, आत शस्त्र शिरलेलं आणि सांध्याजवळचा मार, याला जगात कुठेच धड उत्तर नव्हतं. युरोपात अशा पायाला पुढची शंभर वर्षं सर्रास करवत लावत. महादजींचा पाय राहिला, पण अधू होऊन.

इथे एक विषयांतर. सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या लढाईनंतरची नोंद आहे. महाराजांनी जखमी लोकांना जखम पाहून २५, ५०, १००, २०० असे होन दिले. जखम पाहून! १६५९ साली! मी हे वाचलं तेव्हा माझा इन्शुरन्स क्लेम तिसऱ्यांदा परत आला होता, कारण काय तर रॉड काढणं 'आवश्यक' असल्याचं पत्र हवं, आणि पत्र दिलं तर त्यावर शिक्का गोल हवा. कंपनीचं नाव सांगत नाही, सगळ्या सारख्याच असाव्यात. पण बारगीर म्हणून भरती व्हायची सोय असती तर मी त्या दिवशी राजीनामा टाकला असता.

आणि बारगीर-शिलेदार हा फरकही आता नीट कळतो. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजीरोटी गेली. बारगिराचा पाय मोडला तर घोडा दुसऱ्याला. पैसा, इज्जत, हुद्दा, सगळं घोड्यावर बसता येण्यावर. आमच्यासारख्याचं काय, पाय प्लास्टरमध्ये असताना लॅपटॉप उशीवर ठेवून काम चालूच होतं. मॅनेजरने तर 'घरूनच करतोयस ना, मग सुट्टी कशाला' असंही विचारून घेतलं. अठराव्या शतकातल्या सरदाराला तो पर्याय नव्हता. घोड्यावर बसता येत नसेल तर फौज मागे येत नाही. घरात वारसाहक्काचं भांडण लागलेलं असताना तर नाहीच. महादजींना शिंद्यांची सरदारकी पानिपतानंतर लगेच मिळालेली नाही. बराच घोळ होऊन ती १७६८ मध्ये मिळाली. म्हणजे सात वर्षं हा माणूस अधू पाय घेऊन, आपण अजून कामाचे आहोत हे दाखवत होता.

आणि ते पुन्हा घोड्यावर बसले. हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण पुस्तकात ती कुणी लिहीत नाही. पहिल्यांदा कधी बसले, कोणी धरून बसवलं, गुडघा वाकत होता का, रिकिबीची लांबी बदलली का, यातलं काही आपल्याला सापडत नाही. थेट १७७१ सापडतं, जेव्हा मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या जानेवारीत शाहआलम बादशहा त्यांच्या संरक्षणात दिल्लीत शिरला. मग इंग्रजांशी युद्ध, १७८२ चा सालबाईचा तह, लालसोट. तीस वर्षांची धावपळ आणि बहुतेक सगळी जनावराच्या पाठीवर.

पण एक गोष्ट माझ्या फिजिओथेरपिस्टने सांगितली आणि कोडं थोडं सुटलं. लंगड्या माणसाला घोडा जड जात नाही, चालणं जड जातं. बसल्यावर भार मांड्यांवर आणि कमरेवर येतो. कठीण असतं ते चढणं आणि उतरणं. एकदा वर गेलात की चार पाय तुमचेच. तैमूर आठवा. लंग हे त्याच्या नावातच आलं. सोव्हिएत शास्त्रज्ञ गेरासिमोवने १९४१ मध्ये समरकंदला त्याची कबर उघडली तेव्हा उजव्या गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाला चिकटून एक झालेली सापडली. म्हणजे गुडघा धड वाकतच नसणार, आणि हा माणूस घोड्यावरून दिल्लीपर्यंत आला होता! किंवा लिझ हार्टेल. डेन्मार्कची ही बाई पोलिओने गुडघ्याखाली अधू झालेली, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजला पुरुषांच्या बरोबरीने उतरून तिने रौप्यपदक घेतलं, १९५६ ला पुन्हा घेतलं.

म्हणजे शरीराचा प्रश्न सुटतो. डोक्याचा?

माल्कमच्या त्याच हकीकतीत शेवटी एक वाक्यभर गोष्ट येते. महादजी पुढे मोठे झाल्यावर सांगत की तो अफगाण त्यांना झोपेत दिसतो. आपली चपळ घोडी पुढे, आणि मागून तो बेढब घोडा टापा आपटत येतोच आहे. उत्तर हिंदुस्थानात ज्याच्या नावाने राजे दबत, त्या माणसाला असं स्वप्न पडायचं, आणि ते तो दुसऱ्याला सांगायचा, याचं मला फार वाटलं. मला कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं. रस्त्यावर कुठेही कुत्रं भुंकलं की उजवी टाच आपोआप खाली दाबली जाते. ऑफिसच्या कॅबमध्येसुद्धा. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

राणेखानाचं पुढे काय झालं, तर महादजींनी त्याला भाऊ मानलं. राणेखान भाई म्हणूनच तो ओळखला जाई. १७८८ मध्ये गुलाम कादिराने शाहआलमचे डोळे काढले, त्यानंतर दिल्ली सोडवायला आणि गुलाम कादिराला मेरठपर्यंत रेटत न्यायला गेलेल्या फौजेचा मुख्य हाच एकेकाळचा पखालवाला होता. बैलावर घातलेल्या माणसाने फेड केली म्हणायची, पण नुसती फेड असती तर जहागीर देऊन घरी बसवता आलं असतं. माणूस खरंच कामाचा असणार.

आता पोलादाकडे येतो, कारण महादजींच्या वेळी ज्याला उत्तर नव्हतं त्याला ते कसं मिळालं हे मला माझ्या दांडीमुळे शोधावंसं वाटलं. लिस्टरने १८७७ मध्ये जंतू मारणाऱ्या द्रावणाच्या जोरावर मोडलेली गुडघ्याची वाटी चांदीच्या तारेने शिवली. त्याआधी बंद हाड उघडणं म्हणजे पू, आणि पू म्हणजे बहुतेकदा मरण. १८९५ मध्ये राँटगेनचे क्ष-किरण आले. आणि मधे १८८६ मध्ये हॅम्बुर्गच्या हान्समान नावाच्या सर्जनने हाडाला पट्टी आणि स्क्रू लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यातली गंमत अशी की पट्टीचं एक टोक आणि स्क्रूचे दांडे तो मुद्दाम कातडीबाहेर ठेवायचा, काही आठवड्यांनी उपसून काढायला सोपं जावं म्हणून! म्हणजे ज्या दिवशी धातू आत घालायची कल्पना आली, त्याच दिवशी तो बाहेर कसा काढायचा हाही विचार होता. प्रत्येक डिप्लॉयमेंटबरोबर रोलबॅक प्लॅन. हान्समानला आमच्या टीममध्ये घ्यायला हवा होता.

हाडाच्या पोकळीत लांब खिळा घालायची आजची पद्धत रूढ केली ती कील शहरातल्या गेऱ्हार्ड क्युंटशरने, १९३९-४० मध्ये. मांडी मोडली म्हणजे वजनं लटकवून महिनोन् महिने खाटेवर, हे त्याने संपवलं. युद्धकैदी होऊन परत आलेल्या दोस्त सैनिकांच्या एक्स-रेमध्ये मांडीत हातभर धातू दिसायला लागला आणि डॉक्टर चक्रावले. १९४५ मध्ये 'टाइम'मध्ये त्यावर बातमी आली. क्युंटशरचा खिळा पोकळ, आडवा कापला तर तिपानी घासाच्या पानासारखा दिसणारा, आणि टोकाला एक लांबट खाच असलेला. ती खाच लक्षात ठेवा.

३० सप्टेंबर १९९३. आमच्याकडे तारीख सांगितली की पुढे काही सांगावं लागत नाही. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले. किल्लारीचं नाव झालं, पण सास्तूर आमच्याच भागातलं, तेव्हा लोहारा वेगळा तालुका नव्हता, उमरग्यातच होता. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि वर मातीची माळवदं. उन्हाळ्यात गार राहणारं घर त्या रात्री छातीवर आलं. आठ हजारांच्या वर माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली.

आजी गणपतीसाठी सास्तूरकडे माहेरी गेली होती. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे मला हे सगळं ऐकून माहीत. दुपारपर्यंत ढिगाऱ्याखाली होती, मांडी मोडलेली. तिला बाहेर काढून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं, ट्रॉलीत आधीच सातआठ जण होते आणि त्यातले सगळे जिवंत नव्हते. मग ट्रकमधून सोलापूरला. तिथे तिच्या मांडीत खिळा बसला. वर्षादीडवर्षाने काढायला या, असं सांगितलं होतं. ती गेली नाही. आप्पा म्हणायचे, चल आई, गाडी करतो. ती म्हणायची, "राहू दे, त्याच्यामुळं तर उभी हाय." आणि दुसरं एक कारण होतं, ते ती फक्त माझ्या आईला बोलली होती. त्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिची धाकटी बहीण गेली होती. तिला तिथे पुन्हा पाय ठेवायचा नव्हता.

शेवटपर्यंत ती थोडी लंगडत चालायची. थंडीत मांडी धरायची. २०११ मध्ये गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. राखेत काळी पडलेली ती दांडी तशीच्या तशी होती. मोठी माणसं गप्प झाली. कुणीतरी म्हणालं अस्थींबरोबर सोडून द्या, कुणी म्हणालं लोखंड आहे, बाजूला टाका. आप्पांनी ती उचलली, हौदावर धुतली, पंच्यात गुंडाळून घरी आणली. अजून कपाटावर आहे.

रॉड काढल्यानंतर दिवाळीला घरी गेलो तेव्हा ती खाली काढली. शेजारी माझी ठेवली. तिची लांब, कारण मांडीचं हाड मोठं. आणि तिच्या टोकाला ती लांबट खाच होती, आकडा अडकवून ओढून काढण्यासाठीची. क्युंटशरबद्दल नुकतंच वाचलेलं असल्यामुळे मला एकदम कळलं ते काय आहे. अठरा वर्षं ती खाच आजीच्या अंगात होती. आप्पांना दाखवलं. ते बराच वेळ बोट फिरवत बसले आणि म्हणाले, "म्हंजे काढायसाठीच केल्याली हुती की." पुढे काही बोलले नाहीत.

आई मात्र बोलली. "कशाला रे लेकरा पुन्हा घोड्यावर बसायलास? काय कमी हाय का तुला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. महादजी शिंदे असं उत्तर आईला देता येत नाही.

पुण्याला परतल्यावर एका शनिवारी वानवडीला शिंदे छत्रीला जाऊन आलो. इतकी वर्षं पुण्यात, आणि रिक्षावाल्याला विचारत गेलो. पाटीलबावा १२ फेब्रुवारी १७९४ ला इथेच गेले. त्याच्या दीड वर्ष आधी, १७९२ च्या जूनमध्ये, बादशहाचं फर्मान घेऊन ते पेशव्यांना भेटायला पुण्यात आले, तेव्हाची हकीकत ग्रँट डफने दिली आहे. शहराच्या वेशीशी ते हत्तीवरून खाली उतरले आणि दरबारापर्यंत पायी चालत गेले, सगळ्या मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले, आणि सवाई माधवरावांपुढे बगलेतून नवे जोडे काढून ठेवले, की आमच्या वाडवडिलांचं हेच काम. सगळे या प्रसंगातल्या नम्रतेबद्दल लिहितात, किंवा ती नम्रता खोटी होती असं लिहितात. मी छत्रीच्या पायऱ्यांवर बसून फक्त ते अंतर मोजत होतो. वय साठीच्या पुढे, गुडघा एकतीस वर्षांपूर्वी फोडलेला, आणि हत्तीवरून उतरून सगळ्या शहरादेखत चालायचं. हत्ती थेट दारापर्यंत नेला असता तर कोण अडवणार होतं?

मागच्या रविवारी सकाळी साडेसहाला पुन्हा गेलो. तीन महिने होऊन गेले होते, एक्स-रे बघून डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. मोतद्दार मामांनी ओळखलं. "या साहेब, किती दिवसांनी! पाय बरा?" म्हटलं बरा. त्यांनी तीच घोडी आणली. मी म्हटलं दुसरी नाही का? ते म्हणाले, "तिची काय चूक होती साहेब?"

चढायला लाकडी ठोकळा घेतला, पूर्वी घ्यायचो नाही. डावा पाय रिकिबीत, उजवा वरून पलीकडे. गुडघ्याखाली जरा ओढ बसली, कळ नाही. मामांनी तंग पुन्हा आवळला, रिकीब एक भोक वर घेतली. घोडीने कान मागे केले, मग पुढे केले. दोन फेऱ्या पायचाल. तिसऱ्या फेरीला कुंपणापलीकडे एक कुत्रं भुंकलं, दुसरंच असणार, आणि माझी उजवी टाच खाली गेली. घोडीने चालणं थांबवलं, शेपटी वर केली आणि निवांत लीद टाकली. मामा हसले. मीही.

वीस मिनिटांनी उतरलो. उतरताना मामांच्या खांद्याला धरलं. दुडकी घेतली नाही, पुढच्या रविवारी बघू. घरी येऊन आईला फोन केला आणि सांगितलं. ती म्हणाली, "जेवलास का?"